परशुरामाचा राग आणि रोहिदासची छत्री

गोव्यात फेरीबोटीच्या रांगेत मधूनच गाडी घालणाऱ्याला एकाने मारलं, ती भानगड सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेली होती, त्यामुळे कोणी सांगत बसलं नाही. पिंपळाच्या पेडावर, म्हणजे पारावर, टेकल्या टेकल्या रोहिदासने निकाल देऊन टाकला. "बरोबर केलं त्याने. तासभर रांगेत उभा असलेला माणूस, आणि हा मधूनच गाडी घालतो? दोन ठेवून द्यायलाच हव्या होत्या."

"दिल्या, आणि झालं काय?" विनायक म्हणाला. "दोघांची फेरी चुकली. मागच्या सगळ्यांचीही."

"ते सोड मरे! मन तर मोकळं झालं."

हे रोहिदासचं जुनंच मत. राग म्हणजे कुकर, शिटी झाली नाही तर फुटणार. हे सांगताना तो छत्रीचं टोक पेडावर आपटतो आणि समोरचा मान डोलवेपर्यंत आवाज चढवत नेतो. त्याच्या नेहमीच्या जागेवरचा गिलावा कधीच उडालाय.

शालनताई बाजूला पिशवी घेऊन पदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट बघत बसल्या होत्या. सरकारी इस्पितळात तीस वर्षं नर्स होत्या. आमच्या वाड्यावर कोणाचं प्रेशर किती, हे त्यांना तोंडपाठ.

"रोहिदास, तुझ्या कुकरच्या शिट्या मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय," त्या म्हणाल्या. "भात कधी शिजायचा?"

आम्ही हसलो, पण ताई थांबल्या नाहीत. अमेरिकेत ओहायोच्या विद्यापीठातल्या दोघांनी २०२४ साली १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, दहा हजारांवर माणसांचे. आदळआपट करून, गुद्दे मारून राग उतरतो, याला काही आधार सापडला नाही. नुसतं धावून आलं तरी उतरत नाही, उलट वाढलेला दिसला. उतरतो तो श्वास संथ केला, अंग सैल सोडलं, ध्यान केलं, योगासनं केली की. "राग अंगात पेटतो. छाती धडधडते, हात गरम होतात. आधी अंग निवायला हवं. तू त्यावर आणखी लाकडं घालतोस."

"अमेरिकेतल्यांना फेरीची रांग ठाऊक आहे?" रोहिदासने छत्री आपटली. "आणि राग वाईट म्हणता, तर परशुरामाला राग आला नसता तर गोवा तरी झाला असता का? बाण मारून समुद्र हटवला त्याने!"

आता ताई अडकल्या असं मला वाटलं.

"कथा नीट आठव," त्या म्हणाल्या. "एकवीस वेळा राग काढून झाला, जिंकलेली सगळी जमीन दान करून टाकली, पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा मारला तो बाण. रागाच्या भरात त्याने नुसती माणसं मारली. गोवा झाला तो राग उतरल्यावर."

विनायकने टाळी दिली. रोहिदास म्हणाला, त्याचा राग जन्मजातच आहे, बापाचाही असाच होता, आवरतच नाही, माणूस काय करणार?

"खाणीच्या ऑफिसात किती वर्षं होतास?" ताईंनी विचारलं.

"बावीस."

"साहेब चांगला होता?"

"साहेब? नालायक माणूस! माझी बढती दोनदा खाल्ली."

"मग त्याच्यापुढे छत्री किती वेळा आपटलीस?"

रोहिदास गप्प.

"एकदाही नाही. म्हणजे बावीस वर्षं रोज आवरलास. नोकरी जाईल हे ऐन रागातही तुला बरोबर आठवायचं. आवरत नाही म्हणतोस ते खोटं. कोणापुढे आवरायचं नाही, ते तुझं ठरलेलं आहे. पदेर, फेरीबोटीवरचा माणूस, आणि घरी वहिनी."

यावर कोणी हसलं नाही. मला तर ते वाक्य छातीत लागलं. कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, वाटणीत पोफळीच्या एका ओळीवरून मी सख्ख्या भावाशी सहा वर्षं बोललो नव्हतो. बाहेर सगळे मला शांत म्हणायचे. पण पाटाचं पाणी वळवायला गेलो आणि त्याची पाठ दिसली की खोऱ्याच्या दांड्यावर माझी बोटं आवळायची. रात्री अंथरुणावर पडून त्याला काय काय सुनवायचं याची उजळणी चालायची, रोज नवीन वाक्यं. मी हे पेडावर पहिल्यांदाच बोललो.

ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २८० धडधाकट माणसं घेतली. काहींना आठ मिनिटं फक्त राग आलेला प्रसंग आठवायला लावला. समोर कोणी नाही, भांडण नाही. तरी त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल होण्याची ताकद कमी झाली, ती चाळीस मिनिटांपर्यंत तशीच. दुःख आठवणाऱ्यांचं तसं झालं नाही. आता तू सहा वर्षांच्या रात्री मोज."

मी मोजल्या नाहीत. भावाशी आता बोलतो, एवढं सांगतो. बोलायला लागलो तेव्हा कळलं की पोफळीचं मला काही नव्हतंच. आईच्या शेवटच्या दुखण्यात तो दोन दिवस उशिरा आला, ते आत सलत होतं. ते मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे गिळायचा?" विनायकचा प्रश्न रास्त होता. "आमच्या आयांनी जन्मभर गिळला. काय भलं झालं त्यांचं?"

"गिळायचा मुळीच नाही. बाई रागावली तर अंगात आलं म्हणतात आणि पुरुष रागावला तर कडक, म्हणून गिळला त्यांनी. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात, ते बघ. आधी न्हायचं, नारळ घ्यायचा, देवळापर्यंत चालायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. मग नाव घेऊन सांगायचं, माझ्यावर हा अन्याय झाला. अन्याय लपवायचा नाही, तिथवर पोचेपर्यंत अंग निवतं एवढंच. भर वाटेवर नारळ फोडून कोणी गाऱ्हाणं घालतं?"

"मग मला बांबोळीला पाठवा की!" रोहिदास उसळला.

इथे मात्र ताईच रागावल्या. आवाज चढला नाही, पण चष्मा काढून हातात घेतला. बांबोळीच्या मनोरुग्णालयाचं नाव शिवीसारखं घेऊ नकोस, म्हणाल्या. सतत चिडणाऱ्या माणसाच्या मुळाशी नैराश्य असू शकतं, थायरॉइड वाढलेलं असू शकतं, नीट न लागणारी झोप किंवा दारू असू शकते. दाढ दुखली तर जातोसच ना? आणि तिथवर जायची लाज वाटते त्यांना सरकारचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट, दिवसरात्र, २०२२ पासून चालू आहे.

"मला काही झालेलं नाही! मला राग येतो तो या विन्याचा! जत्रेच्या नाटकात दोन पानं एकदम उलटली याने—"

झालं. चौदा वर्षांपूर्वीचं प्रकरण. विनायक प्रॉम्प्टर, रोहिदास सरदार. तिसऱ्या अंकात मरायचा सरदार दुसऱ्यातच मेला आणि उरलेलं नाटक त्याच्याविना पुढे गेलं.

"आणि तू विंगेत तलवार फेकलीस ती माझ्या गुडघ्यावर!"

"लाकडाची होती!"

"गुडघा लाकडाचा नव्हता!"

छत्री आपटायला उचललेला रोहिदासचा हात ताईंनी वरच्या वर धरला. बोटं मनगटावर, नजर घड्याळावर. पंधरा सेकंद. "अठ्ठावीस. म्हणजे एकशे बारा. आणि तू बसलेला आहेस."

रोहिदास आपल्याच मनगटाकडे बघत राहिला. तेवढ्यात पदेराचा भोंपू वाजला. सायकल उभी राहिली, टोपलीवरचं निळं प्लास्टिक सरकलं आणि गरम पोयांचा, म्हणजे गावच्या पावांचा, वास आमच्यात पसरला. ताईंनी पोया घेतल्या, एक मोडून सगळ्यांना तुकडा तुकडा दिला. विनायक तोंडात घास ठेवून म्हणाला, "पण मेलास फार झकास. गाव अजून नाव काढतं." आधी रोहिदासच फिसकन हसला, मग पदेरासकट सगळे. हसणं ओसरल्यावर ताईंनी पुन्हा नाडी धरली. एकवीस. चौऱ्याऐंशी.

"पण पानं उलटलीस ती उलटलीसच," रोहिदास हळू आवाजात म्हणाला.

"उलटली. घामाने चिकटली होती. त्याच रात्री सांगायला येत होतो विंगेतून." विनायकने गुडघ्यावरून हात फिरवला. "तेवढ्यात तलवार आली."