'बाई' या दोन अक्षरांसाठी अकरा महिने

नाना गेले त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. सतरा वर्षं पलटणीत काढलेला माणूस. नानींनी फॅमिली पेन्शनचा अर्ज केला आणि तो त्रुटीत निघाला. का, तर फौजेच्या कागदावर नानींच्या नावाला 'बाई' जोडलंय, आधार कार्डावर नाही.

प्रतिज्ञापत्र झालं, सरपंचांचा दाखला झाला, मग पुन्हा प्रतिज्ञापत्र, कारण पहिल्यात एक तारीख चुकली होती. दर हेलपाट्याला एक रोज बुडतो. नानी दरवेळी हिरवी ट्रंक उघडतात, प्लास्टिकच्या पिशवीतलं डिस्चार्ज बुक काढून देतात, झेरॉक्स झाली की होतं तसं गुंडाळून परत ठेवतात. माझा फोन गेला की पहिला प्रश्न, "कागूद आला का रं?"

वन रँक वन पेन्शनचं, म्हणजे हुद्दा आणि नोकरीची वर्षं सारखी असतील तर निवृत्ती कधीही झालेली असो, पेन्शन सारखीच, या योजनेचं तरी काय झालं? १ जुलै २०१९ पासून पेन्शन नव्यानं ठरवा आणि थकबाकी तीन महिन्यांत द्या, असं सुप्रीम कोर्टानं १६ मार्च २०२२ ला सांगितलं. मुदतवाढी घेत घेत वर्ष सरत आलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयानं परस्पर पत्र काढलं की पैसे चार सहामाही हप्त्यांत देऊ. कोर्टानं कान उपटले, ते पत्र मागे घ्यायला लावलं. शेवटी क्रमही कोर्टानंच लावून दिला: फॅमिली पेन्शनवाले आणि शौर्यपदकवाले ३० एप्रिलपर्यंत, सत्तरी ओलांडलेले ३० जूनपर्यंत, बाकीच्यांचं फेब्रुवारी २०२४ अखेर. म्हाताऱ्यांना आधी द्या, एवढं सांगायला सुप्रीम कोर्ट लागलं. मला याचा फार राग येतो.

तपासणी नको असं मी म्हणत नाही. मेलेल्यांच्या नावावर पेन्शन खाणारेही असतात. पण अपंगत्व पेन्शनच्या धरमवीर सिंग खटल्यात २०१३ साली कोर्टानं सांगितलंय की शंकेचा फायदा जवानाला, आणि सिद्ध करायचं ओझं सरकारवर. तोच न्याय कागदालाही लावा ना! नावात एका शब्दाचा फरक असेल तर पेन्शन आधी चालू करा, चौकशी मागून करा. खोटं निघालं तर वसूल करा. नानींच्या औषधांचा खर्च चौकशी संपेपर्यंत थांबत नाही.

ज्यांच्या घरात माजी सैनिक आहेत त्यांनी आजच पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) आणि घरच्या बाईचं आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर बघा. फरक असेल तर ते हयात असतानाच दुरुस्तीचा अर्ज करा. आमच्याकडून ते राहून गेलं.