पोरं चौदा-पंधराची झाली की आधी शहर दाखवा

दिवाळीच्या सुट्टीचा विषय निघाला की पुण्यातल्या बहुतेक घरांत पहिलं नाव कोकणाचं निघतं. आमच्या घरच्या ग्रुपवरही या वेळी दिवेआगर की हरिहरेश्वर एवढाच प्रश्न उरला होता. मी मध्येच लिहिलं, पोरं मोठी झालीत, या वेळी एखादं शहर बघू. लगेच धाकट्या दिरांचं उत्तर आलं, "वहिनी, शहरात तर रोजच राहतो. पोरांना जरा निसर्ग दाखवू." चार-पाच जणांनी अंगठे दिले आणि विषय संपला. पण मला हे मनापासून पटलेलं नाही. ग्रुपवर एवढं लिहिणं शक्य नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

कोकण मला अतिशय प्रिय आहे. मुलं लहान असताना त्याच्यासारखी जागा नाही. वाळूत बसवलं की दोन तास कुठे जातात कळत नाही, आणि आईबापांनाही पाठ टेकायला मिळते. प्रश्न तेरा ते अठरा या वयाचा आहे.

"शहरात तर रोजच राहतो" हे वाक्य आधी तपासून बघा. आमची लेक पंधराची, मुलगा तेराचा. दोघं कोथरूडमध्ये वाढले, पण पुणं त्यांनी पाहिलंय ते बहुतेक स्कूटरच्या मागच्या सीटवरून. शाळेला व्हॅन, क्लासला सोडायला बाबा, आणायला आई. मेट्रो 2022 मध्ये सुरू झाली, आता वनाजहून थेट रामवाडीपर्यंत जाता येतं, तरी तिकीट आपण काढतो आणि पोरं मागून चालतात. पीएमपीच्या बसचा नंबर विचारला तर त्यांना सांगता येत नाही. यात पोरांचा काहीच दोष नाही. त्यांना शहरात एकटं फिरायला आपणच कधी सोडलेलं नाही.

आणि मग आपण त्यांना गाडीत घालून कोकणात नेतो. शुक्रवारी संध्याकाळी चांदणी चौकातली गर्दी, पुढे ताम्हिणीची वळणं, मागच्या सीटवर दोघांच्या कानात इयरफोन. मुक्कामाला पोचलं की खोलीची किल्ली बाबांकडे, जेवणाची ऑर्डर आईकडे, उद्या कुठे जायचं ते काका ठरवणार. गावात कुठेही जायचं तर गाडी हवी आणि गाडी चालवणारा मोठा माणूस हवा. तीन दिवसांत पोरांनी स्वतः ठरवून केलेली एक गोष्ट शोधून सापडत नाही. मग आपणच म्हणतो, सारखी मोबाइलमध्ये असतात.

पाण्याची गोष्ट तर आणखी गंभीर. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढ घेतं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे नवख्या माणसाला तीच जागा शांत आणि सुरक्षित वाटते. पोहण्याच्या तलावात शिकलेला पोरगा तिथे सरळ किनाऱ्याकडे यायला बघतो आणि दमतो. खरं तर त्याने किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडायला हवं. हे पोरांना जाण्याआधी घरी बसवून समजावून सांगाच. पण सांगूनही समुद्रावर त्यांना एकटं सोडता येत नाही, सोडूही नये. जे वय हळूहळू मोकळं सोडण्याचं, त्याच वयात किनाऱ्यावर आपल्याला सतत ओरडत राहावं लागतं, "एवढ्या आत जाऊ नका!" दोन्ही बाजूंची चिडचिड होते ती इथून.

शहरात हे उलटं होतं. आमच्यासाठी ते शहर मुंबई होतं.

पुणेकर मुंबईला जातात ते लग्नाला, इस्पितळात भेटायला आणि विमान पकडायला. मुंबई बघायला मुद्दाम कोण जातं? आम्ही गेलो, तेही रेल्वेने. दख्खनची राणी 1930 पासून धावतेय, सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते. सीएसएमटीला उतरल्यावर मी दोघांना म्हटलं, घाई नाही, आधी बाहेर जाऊन ही इमारत बघा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेलं हे स्थानक 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि रोज लाखो माणसं त्याच्याकडे मान वर न करता आत-बाहेर करतात. दगडातली माकडं, मोर, घुबडं शोधण्यात पोरांचा अर्धा तास सहज गेला.

पण मला सर्वांत जास्त आवडलं ते ओव्हल मैदान. मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला टोकदार कमानींचा गॉथिक थाट. पश्चिमेला वळलं की आर्ट डेकोच्या इमारतींची रांग, गोलाई दिलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर पातळ छज्जे. या दोन्ही बाजूंना मिळून 2018 मध्ये वारसा दर्जा मिळाला. पश्चिमेची रांग 1930 च्या दशकात उभी राहिली ती समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर. हे ऐकल्यावर मुलाने विचारलं, "म्हणजे आई, पूर्वी समुद्र इथपर्यंत होता?" आणि स्वतःच मोबाइलवर जुना नकाशा शोधायला बसला. इतिहासाच्या पुस्तकाने त्याला इतक्या वर्षांत एकही प्रश्न पाडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांना सोडलं. अटी मोजक्या होत्या. एकमेकांचा हात सुटेल इतकं लांब जायचं नाही, फोन चालू ठेवायचा, जेवणाचे पैसे त्यांचे त्यांनी वापरायचे, चार वाजता वस्तुसंग्रहालयाच्या फाटकाशी भेटायचं. चर्चगेटहून त्यांना चर्नी रोडला उतरून गिरगाव चौपाटीवर जायचं होतं. ते चढले फास्ट लोकलमध्ये, आणि गाडी मधली सगळी स्टेशनं सोडून थेट मुंबई सेंट्रलला थांबली. तिथे एका काकांना विचारून, जिना चढून-उतरून, स्लो गाडीने दोघं परत आले. मला हे घडून गेल्यावर कळलं. चार वाजता फाटकाशी आलेली माझी लेक जे बोलत सुटली, तसं तिला बोलताना मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

मुलींच्या आईबापांना हे वाचून धाकधूक होईल. मलाही झाली होती. म्हणून आदल्या संध्याकाळी मी लेकीला घेऊन लेडीज डब्यातून दादरपर्यंत जाऊन आले. तिच्याएवढ्या मुली बॅग पोटाशी धरून एकट्या निघाल्या होत्या, कानातली विकणारी बाई या टोकाकडून त्या टोकाला फिरत होती, कोणी भाजी निवडत होतं. एवढ्या बायका आपापल्या कामाला एकट्या हिंडताना तिला दिसणं, हेच मला महत्त्वाचं वाटतं. मुलीला जपायचं म्हणजे तिला कायम गाडीच्या मागच्या सीटवर बसवायचं, हे मला मान्य नाही. उद्या ती शिकायला बाहेरगावी जाईल. पहिली लोकल तिने आईबाप त्याच शहरात असताना पकडलेली काय वाईट?

शिवाय मुंबईत समुद्र आहेच की. गेटवेहून लाँचने साधारण तासाभरात घारापुरीला जाता येतं. लेणी सोमवारी बंद असतात, तेवढं बघून ठरवा.

मुंबई खूप बघून झाली असेल तर अहमदाबाद. 2017 मध्ये जागतिक वारसा शहर ठरलेलं हे भारतातलं पहिलं शहर. काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत महापालिकेची सकाळची पायी फेरी असते. ती पोळांमधून, म्हणजे जुन्या वाड्यांच्या गल्ल्यांमधून जाते. माणेक चौकात दिवसा सराफा, रात्री खाण्याच्या गाड्या, त्यामुळे खादाड पोरं खूश. साबरमती आश्रम आहे, जवळच अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर आहे. पोरं जरा मोठी असतील आणि लांबच्या रेल्वेप्रवासाची हौस असेल तर कोलकाता. देशातली पहिली मेट्रो 1984 मध्ये तिथे धावली आणि आता ती हुगळीच्या खालून हावड्याला जाते.

कोकण कधी निवडावं? दहावीचं वर्ष संपून पोरगी थकली असेल आणि तिला नुसतं झोपायचं असेल, तर खुशाल समुद्रावर न्या. किंवा पोरांना करण्यासारखं काही ठोस असेल तर. मार्चच्या सुमारास वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची, मालवणला प्रशिक्षकाबरोबर स्कूबा करायचं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. तिथे जाणार असाल तर भरती-ओहोटीच्या वेळा काढायचं काम पोरांवर सोपवा. ओहोटी रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, हिशेब त्यांनी करावा आणि किती वाजता परत फिरायचं ते त्यांनीच मोठ्यांना सांगावं. असं काही काम हातात असेल तर किनाराही या वयाला पुरतो.

मे महिन्यात मात्र मुंबई-अहमदाबादच्या वाटेला जाऊ नका. उन्हात फिरवलं तर पोरं दुपारी खोलीतून बाहेर पडणार नाहीत.

आमच्याकडे दिवाळीत सगळे दिवेआगरला जातायत, आम्हीही जाऊ, घरातली माणसं एकत्र येतात त्याचं मोल वेगळं आहे. पण डिसेंबरचं अहमदाबाद पक्कं झालंय. गाडी शोधणं, राहायची जागा, रोज कुठे फिरायचं, सगळं लेकीकडे दिलंय. काल तिने काकांना फोन करून विचारलं, तुम्ही येणार का, तिकिटं काढायची आहेत. भाऊजी "कळवतो" म्हणाले आहेत.