आरडाओरडाही डावच होता

नाटकीपणामुळे व्यावसायिक बॉक्सिंगची रया गेली, हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. १९६४ साली तेव्हाचा हेवीवेट जगज्जेता सनी लिस्टनशी लढायच्या दिवशी, सकाळी वजन करताना कॅशियस क्लेने (नंतरचा मोहम्मद अली) एवढा धिंगाणा घातला की नाडी १२० वर गेली आणि २,५०० डॉलर दंड झाला. पोरगं टरकलंय, असंच अनेकांना वाटलं. रात्री रिंगमध्ये मात्र स्वारी थंड! सातव्या फेरीला लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. ही विद्या क्लेने उचलली ती गॉर्जस जॉर्ज या कुस्तीगिराकडून. हरताना बघायला का होईना, लोक तिकीट काढतात, हे त्याने तिथे हेरलं.

ब्रिटिश बॉक्सर नसीम हमीदचं म्हणाल तर तो दोरावरून कोलांटी मारून उतरायचा, एकदा उडत्या गालिच्यावर बसूनही आला. पण २००१ मध्ये मेक्सिकोच्या मार्को अँटोनियो बरेराने त्याला बारा फेऱ्या शांतपणे बडवलं. तिथे गालिचा काय कामाचा?

लिस्टनची ती लढत लेखकाने पुन्हा एकदा बघावी, वजनाच्या गोंधळासकट.