वेल्डिंग शिकवा म्हणे, पण रॉड मागू नका!

परवा पुन्हा तेच. इंडेंट, म्हणजे मालाचं मागणीपत्र, घेऊन स्टोअरमध्ये गेलो. 3.15 मिमीचे वेल्डिंग रॉड आणि सरावाला 10 मिमीची लोखंडी पत्ती, एवढंच लिहिलं होतं. स्टोअरकीपरने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, "सर, आत्ता तर पाकिटं नेली होती. एवढे रॉड खाता काय?" हो बाबा, खातो. चहात बुडवून खातो.

आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेड शिकवणाऱ्या माणसाने रॉड मागितला की सगळे त्याच्याकडे चोर असल्यासारखं बघतात. अहो, एक रॉड मिनिट-दीड मिनिटात संपतो. नवशिक्याचा तर आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची विजेची ज्योत, धरता धरताच पत्तीला चिकटतो, उपटताना फ्लक्स, म्हणजे रॉडवरचा लेप, झडतो, उरलेला लाल होऊन वाकतो. आणि हे व्हायलाच पाहिजे! हात बसायचा तर रॉड जळलेच पाहिजेत, त्याला दुसरा रस्ता नाही. आमचा जॉब, म्हणजे सरावाचा तुकडा, एकदा जोडला की जोडला. मग तोच ग्राइंडरने कापायचा, कडा घासायच्या, परत जोडायचा. कापून कापून पत्ती बिस्किटाएवढी उरलीय आणि पोरं त्याच्यावर बट जॉइंट, म्हणजे कडेला कड लावून जोड, मारतायत. एवढ्याशा तुकड्यात उष्णता जाणार कुठे? वेल्डच्या दुसऱ्या रनला, म्हणजे दुसऱ्या थरालाच, लालभडक, तिसऱ्याला भोक. पोरगं खाली मान घालून म्हणतं, "सर, मला जमणारच नाही." अरे राजा, तुझा हात चांगलाय रे. पत्ती नाहीये!

बरं, माल येतो कधी? मार्च एंडला. वर्षभर "ग्रँट नाही, ग्रँट नाही" आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दारात टेम्पो उभा. ट्रेड एक वर्षाचा, प्रवेश पावसाळ्यात. म्हणजे अर्ध्याहून जास्त वर्ष मी फळ्यावर खडूने बीड, म्हणजे वेल्डच्या रेघा, काढून दाखवायचे. पीठ न देता पोळ्या लाटायला शिकवा म्हणण्यातलाच प्रकार. त्यात खरेदी सगळ्यात कमी दरवाल्याकडून. मागच्या मार्चला 7018 नंबरच्या रॉडची पाकिटं आली आणि पावसाळाभर ओल्या भिंतीला टेकून पडली. लो हायड्रोजन रॉड आहेत ते! ओल धरली की वेल्डमध्ये हायड्रोजन शिरतो, वरून बीड कसा देखणा दिसतो आणि गार झाल्यावर आतून तडा. वापरायच्या आधी ओव्हनमध्ये भाजायला लागतात. ओव्हन आहे ना आमच्याकडे. थर्मोस्टॅट गेलाय, म्हणून त्यात जुन्या फायली ठेवल्यात.

आणि आता ऐका खरी गंमत. थिअरीची परीक्षा कॉम्प्युटरवर. चार पर्याय, एकावर क्लिक. E7018 मधला 1 म्हणजे काय? माझी सगळी बॅच झोपेतून उठवलं तरी सांगेल, 'सगळ्या पोझिशनमध्ये चालतो.' शाब्बास! आता यातल्या कितीजणांनी व्हर्टिकल (उभ्या प्लेटवर) किंवा ओव्हरहेड (डोक्यावरच्या प्लेटवर) मारलंय? मारणार कशाने, माझ्या बोटांनी? पण निकाल चांगला लागतो, निकालाचा तक्ता वर जातो, वरचे खूश. पोरगं सर्टिफिकेट घेऊन चाकणला नाहीतर वाळूजला जातं. तिथला सुपरवायझर बोलत नाही, होल्डर हातात देतो आणि उभी प्लेट दाखवतो. दोन मिनिटांत वितळलेलं सगळं लोखंड खाली ओघळतं. मग मला फोन. "काय हो सर, शिकवता काय तुम्ही तिथे?"

काय शिकवतो? रजिस्टर भरायला शिकवतो! प्रॅक्टिकल झाल्याच्या नोंदी, हजेरी, फोटो. फोटोत पोरगं हेल्मेट घालून वाकलेलं दिसलं की झालं, पुढे आर्क पेटलाय की नाही कोण बघतंय.

हेल्मेटवरून आठवलं. बॅचच्या मानाने हेल्मेट निम्मी, त्यातल्या काचा चरे पडलेल्या. बाकीची पोरं बाजूला उभी राहून बघतात, डोकावतात, ओरडलं तरी डोकावतात. वयच तसलं. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागतं, पाण्याच्या धारा लागतात, आई घाबरून डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवते आणि सकाळी मला विचारते, "सर, पोराचे डोळे जातील का हो?" काय सांगू त्या माउलीला? हेल्मेटच्या दहा नंबरच्या काळ्या काचेची मागणी मार्चपर्यंत थांबलीय म्हणून सांगू?

पण पैसा नाही असं कोण म्हणतं? मध्यंतरी पाहुणे येणार होते. दोन दिवसांत अँगल आला, चौकोनी पाइप आला, कोरडेठाक रॉड आले, आणि आमच्याच पोरांकडून गेट करून घेतलं, सायकल स्टँड करून घेतला, बोर्डाची फ्रेमही करून घेतली. 2024 मध्ये राज्यातल्या कितीतरी आयटीआयना थोरामोठ्यांची नावं दिली. द्या की, कोण नको म्हणतंय! पण बोर्डाला लोखंड मिळतं आणि ज्यांच्यासाठी ते बोर्ड आहेत त्यांच्या जॉबला मिळत नाही, हे कुठल्या हिशेबात बसतं ते तरी सांगा. खरं सांगू का, त्या गेटवर पोरं जेवढी शिकली तेवढी वर्षभरात शिकली नव्हती. एकाने बिजागरीला असा फिलेट, म्हणजे कोपऱ्यातला जोड, मारलाय की अंडरकट, म्हणजे कडेला पडणारी खाच, शोधून सापडत नाही. आठवी पास पोरगं आहे ते. त्याला रोज एवढे रॉड दिले असते तर?

आता पुढच्या आठवड्यात कुणी साहेब येणार म्हणून पुन्हा निरोप आलाय, "सर, वर्कशॉप जरा चकाचक ठेवा." मेलं, वेल्डिंगचं वर्कशॉप चकाचक! स्पॅटर (उडालेले लोखंडाचे थेंब) नाही, स्लॅग (वेल्डवरची खपली) नाही, उरलेल्या रॉडच्या तुकड्यांचा ढीग नाही. साहेब, आमचं वर्कशॉप गेले कित्येक महिने चकाचकच आहे. काहीच जळलेलं नाही इथे, माझ्या डोक्याशिवाय. इंडेंटची झेरॉक्स काढून ठेवलीय. यावेळी फुलांच्या गुच्छाबरोबर तीच त्यांच्या हातात देणार आहे, मग प्राचार्य काय म्हणायचं ते म्हणोत.