गादीखालचे एक्स-रे

आमच्या फॅमिली ग्रुपवर आठ दिवस एकच भांडण चाललंय. मावसभाऊ, आमचा दादा, नाशिकला पंचवटीत दवाखाना आहे त्याचा, तो म्हणतो एआय हे सगळं कंपन्यांचं खूळ, मशीनला पेशंट कळत नसतो. काका म्हणतात येऊ दे, एकदाची डॉक्टरांची दुकानं बंद होतील. गुड मॉर्निंगच्या फुलांमधून दोघांचे फॉरवर्ड येत राहतात आणि मी इथे स्वीडनला, माल्मोत, बसस्टॉपवर हातमोजा काढून ते वाचतो, चिडतो, टाइप करतो आणि पुसून टाकतो. आपल्याकडे काहीही नवीन आलं की ते एकतर देव नाहीतर राक्षस, मधलं काही नाहीच.

अरे दादा, इथेच माल्मो नि आसपास 2021 पासून मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या कॅन्सरसाठीच्या एक्स-रेची, ट्रायल झाली, मसाई नाव तिचं, लाखावर बायका होत्या. एरवी प्रत्येक फिल्म दोन रेडिओलॉजिस्ट बघतात. यात आधी एआय 1 ते 10 असा धोक्याचा आकडा देतं, कमी आला तर एकच डॉक्टर बघतो, जास्त आला तर दोघं. 2023 ला पहिल्या 80 हजार बायकांचा रिझल्ट आला, कॅन्सर जास्तच सापडले आणि फिल्म वाचायचं काम 44 टक्क्यांनी कमी. कोणी डॉक्टर घरी बसला नाही. आमच्या हिलाही मॅमोग्राफीचं पत्र आलं, जाऊन आली, मग दुसरं पत्र, सगळं ठीक. फिल्म कोणी बघितली हे तिने विचारलंही नाही.

आणि काका, तुम्हीही जरा दम धरा. अल्फाफोल्ड नावाच्या गूगलच्या एआयने 20 कोटी प्रोटीनचे आकार काढून फुकट ठेवले, ते बनवणाऱ्यांना 2024 चं केमिस्ट्रीचं नोबेलही मिळालं, पण तिथून गोळी मेडिकलमध्ये यायला वर्षं जातात, माणसांवरची ट्रायल काही मशीन उरकून देत नाही.

खरा मुद्दा वेगळाच आहे. इथे 1947 पासून प्रत्येकाला पर्सूननुम्मर, आपल्या आधारसारखा नंबर, त्याखाली आजारपणाची सगळी कुंडली, मशीन शिकतं ते अशा कुंडलीवर. आपल्याकडे? आईचे एक्स-रे सिडकोतल्या घरी गादीखाली असतात. गुडघ्याचे दोन, छातीचे तीन, आणि एका पाकिटावर स्केचपेनने दुधाचा हिशोब. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागात एक्स-रे काढला तरी तो वाचायला रेडिओलॉजिस्ट कुठून आणणार? टीबीसाठी कॉम्प्युटरने एक्स-रे वाचायला डब्ल्यूएचओने 2021 लाच हो म्हटलंय, तेव्हा तपासलेल्या सॉफ्टवेअरमधलं एक तर मुंबईचंच होतं. राज्याचं आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला, दादाच्या दवाखान्याच्या उशाशी, आणि हे अजून मशीन की माणूस यावर भांडतायत!

असं सगळं ग्रुपवर टाकायचं असतं. टाकत का नाही ते पण सांगतो.

मागच्या हिवाळ्यात मला पाच आठवडे खोकला होता. आमच्या वोर्डसेंट्रालने, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याने, फोनवरच सांगितलं, आल्वेदोन घ्या, म्हणजे आपली पॅरासिटामॉल, पाणी प्या, नाहीच थांबला तर परत फोन करा. माझी कुंडली त्यांच्या स्क्रीनवर होती की, बँकआयडीने, म्हणजे मोबाईलवरच्या ओळखपत्राने, लॉगिन करून मीही बघतो अधूनमधून, बारा वर्षांची, एकदम चकाचक. शेवटी रात्री व्हिडिओ कॉल लावला तो दादाला. त्याने शर्ट काढायला लावला, फोन छातीशी धर म्हणाला, खोकून दाखव म्हणाला, आणि मग म्हणतो, "अण्णांनाही थंडीत असंच व्हायचं ना रे? रात्री उशीला टेकून बसायचे. दमा असणार, तिथे सांग त्यांना, फुंकून बघायची टेस्ट करा म्हणावं." दमाच निघाला.

इथल्या फॉर्ममध्ये वडिलांचे आजार असा रकाना होता, तिथे मी "माहीत नाही" लिहिलं होतं. अण्णा गेले तेव्हा मी इथे होतो.

आता दादाला कुठल्या तोंडाने 44 टक्के सांगू? काल त्यानेच विचारलं, तुझं टायपिंग टायपिंग दिसतंय कधीचं, मेसेज कुठाय?

आईला मात्र सांगितलं, गादीखालच्या सगळ्या एक्स-रेचे फोटो काढून पाठव, मी नीट फोल्डर करून ठेवतो. तिने एकच पाठवला, पाकिटाचा, दुधाच्या हिशोबाच्या बाजूने.