फुटबॉलचा वसा

संसार सुरळीत चाललाय, रक्तदाब गोळीविना ताब्यात आहे, रविवारी दुपारी जेवल्यावर दोन तास गाढ झोप लागते. असं असेल तर वेळीच उपाय करा. फुटबॉलची एक स्थानिक टीम धरा. तीन-चार वर्षांत तिन्ही तक्रारी दूर होतील.

तुम्ही म्हणाल, आमची आहे की टीम, लिव्हरपूल. ती चालणार नाही. आमच्या नेरूळच्या सोसायटीत मजल्यागणिक एक लिव्हरपूल आणि दोन मँचेस्टर आहेत, पण त्यातलं एकही माणूस वाया गेलेलं नाही. परदेशी टीम म्हणजे अमेरिकेतली आत्या. दोन वर्षांतून एकदा चॉकलेटं येतात, भांडायला ती समोर नसतेच. हरली तरी रात्री दीड वाजता हरते, सकाळी लिफ्टमध्ये तोंड दाखवायला काही वाटत नाही. मन मोडायला माणूस जवळचा लागतो. टीमही तशीच, पायी जाता येईल इतकी जवळची बघा.

वसा घ्यायचा दिवस नीट निवडावा. मी १८ ऑक्टोबर २०१४ निवडला. इंडियन सुपर लीगचं पहिलं वर्ष, मुंबई सिटीचा घरचा पहिला सामना, डी. वाय. पाटील स्टेडियम, घरापासून रमतगमत वीस मिनिटं. समोर पुणे. आंद्रे मोरित्झ नावाच्या ब्राझीलच्या माणसाने तीन गोल मारले, लीगमधली ती पहिलीच हॅटट्रिक, आणि आम्ही पाच-शून्यने जिंकलो. पाच-शून्य, तेही पुण्याला! खाडीकाठच्या माणसाने यापुढे देवाकडे काय मागायचं? इथेच मला शंका यायला हवी होती. पहिल्याच दिवशी द्रोण भरून शिरा हातात पडला की समजावं, पुढे नुसते उपास आहेत. त्या वर्षी आम्ही पहिल्या चारांत आलो नाही, पुढच्याही वर्षी नाही. त्याच दुसऱ्या वर्षी तर फातोर्ड्याला गोव्याने आमच्यावर सात गोल चढवले, आमचा शून्य. कहाणीत वसा देणाऱ्या बायका आधी बजावतात, 'उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील.' इथे पहिल्या दोन गोष्टींची काळजीच नको. उतायला-मातायला काही कारण तर लागतं.

ते मैदान मुळात क्रिकेटचं. त्यामुळे गॅलरीत बसलं की चेंडू साबुदाण्याएवढा दिसायचा. शेजारचा सांगायचा, तो बघा फ्रान्सचा आनेल्का, आणि आम्ही विठ्ठलाचं कळसदर्शन घ्यावं तसे भक्तिभावाने तिकडे बघायचो. दुसऱ्या वर्षी सुनील छेत्री आला, लिलावात एक कोटी वीस लाखांना. तोही आम्ही असाच लांबून मानला. पण चालत जायचं आणि चालत यायचं, वाटेत भुर्जीपाव खायचा, यात कसली आलीय तपश्चर्या? वसा खरा लागला २०१६ साली. टीम अंधेरीला गेली.

'स्थानिक' या शब्दाचा अर्थ इथे समजून घ्या. माझ्या बाल्कनीतून डी. वाय. पाटीलचे दिवे दिसतात. २०१७ साली त्या दिव्यांखाली सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकाची उपांत्य लढत झाली, स्पेन विरुद्ध माली. २०२२ साली आशियातल्या बायकांचा अंतिम सामना झाला, चीन विरुद्ध कोरिया, आणि त्याच वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा, स्पेन विरुद्ध कोलंबिया. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले तीन रात्री गाऊन गेलं, आम्ही कपडे वाळत घालता घालता फुकट ऐकलं. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला आपल्या मुलींनी तिथे क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आमची अख्खी सोसायटी जिन्यात नाचली. माझ्या दारात स्पेन येतं, माली येतं, कोलंबिया येतं. माझी टीम तेवढी अंधेरीला असते.

तेव्हा प्रवासाची तयारी ठेवा. सामना साडेसातला म्हणजे ऑफिसातून पाचला निघायचं. साहेबाला कारण म्हणून फुटबॉल सांगू नये, दाढ सांगावी. माझ्या आतापर्यंत एकोणीस दाढा काढून झाल्यात. बेलापूरहून कुर्ल्यापर्यंत बसायला मिळतं आणि माणूस गाफील होतो. कुर्ल्याला मध्य रेल्वेच्या फलाटावर आलं की समोर कल्याणची गाडी उभी असते. तिच्यात आपल्याला घाटकोपरपर्यंतच, म्हणजे जेमतेम दोन स्टेशनं जायचं असतं. पण दोन स्टेशनांसाठी दारात उभ्या राहणाऱ्याविषयी कल्याणच्या माणसाला काय वाटतं, ते तो शब्दांत सांगत नाही, कोपराने सांगतो. घाटकोपरला उतरून मेट्रोच्या जिन्याला लागावं, तर अख्खी अंधेरी कामावरून सुटून खाली कोसळत असते. ती घरी निघालेली, तुम्ही घर सोडून निघालेले. कठड्याला धरून एकेक पायरी वर चढताना हजारो चेहरे अंगावरून जातात, आणि त्यातला एकही फुटबॉलला चाललेला नसतो.

टीमचा आकाशी शर्ट घातला असेल तर मेट्रोत कुणीतरी विचारतंच, 'मुंबई इंडियन्सने रंग बदलला का?' नाही म्हणावं. 'मग रणजी का?' आझादनगर येईस्तोवर मान हलवत राहावं. वाद घालायचा नाही, तिथे आधीच दम संपलेला असतो.

अंधेरीचं मैदान लहान, आठ हजारांच्या आतबाहेरचं, पण चेंडू चेंडूएवढा दिसतो हे खरं. उरुग्वेचा फोर्लान मी तिथे पहिल्यांदा माणसाच्या आकाराचा पाहिला. त्या वर्षी आम्ही गुणतालिकेत पहिले आलो! आणि उपांत्य फेरीत कोलकात्याकडून हरलो. ही अर्धी गोडी फार महत्त्वाची आहे. पूर्ण कडू असतं तर कुणीही थुंकून मोकळं झालं असतं.

आता करंडकांविषयी, कारण नवीन माणूस त्याला भुलतो. आमच्या टीमने करंडक जिंकले आहेत, चांगले चार. लीगची ढाल, म्हणजे गुणतालिकेत पहिलं येण्याचं आताशा मिळणारं बक्षीस, दोनदा, आणि अंतिम सामन्याचा चषक दोनदा. फक्त ते जिंकताना तुम्ही तिथे असायचं नाही, एवढं पथ्य आहे. २०२०-२१ची अख्खी लीग करोनामुळे गोव्यात, प्रेक्षकांविना झाली, त्यात आम्ही ढाल आणि चषक दोन्ही घेतले. म्हणजे स्टेडियममध्ये कुणालाच सोडलं नाही, त्या वर्षी आम्ही सगळ्यात भारी खेळलो. १३ मार्चच्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल मारला आणि मी घरात ओरडलो. मार्च २०२१ होता. दोन मिनिटांत खालच्या काकूंचा फोन आला, आवाज कापरा, 'कोण गेलं हो?' मी म्हटलं, कुणी नाही काकू, जिंकलो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पुढचे सहा महिने जिन्यात माझ्याकडे बघून वाट सोडायच्या.

२०२३ची ढाल पक्की झाली तीही गोव्यात, फातोर्ड्यालाच, पाच-तीनने. आणि ४ मे २०२४चा अंतिम सामना कोलकात्याला, सॉल्ट लेकवर, मोहन बागानच्या घरात. मी डोंबिवलीत बायकोच्या मामेबहिणीच्या रिसेप्शनला. मोबाइल रुमालाखाली धरून पहिला अर्धा भाग बघितला. मध्यंतराच्या तोंडावर बागानने गोल केला, तेव्हा म्हटलं संपलं, आणि पाणीपुरीच्या काउंटरला लागलो. रांग मोठी होती. मग जिलबी घेतली, मठ्ठा घेतला, नवरा-नवरीसोबत फोटो काढला. मोबाइल पुन्हा बघितला तेव्हा आम्ही तीन-एकने जिंकून करंडक उचलत होतो. बायको शांतपणे म्हणाली, 'तू बघत नसलास की ते जिंकतात, हे तुला दहा वर्षांत कळलं नाही? त्यांच्या भल्यासाठी तरी घरी बस.' शास्त्र तिच्या बाजूने आहे, म्हणून मी हा विषय घरात काढत नाही.

नेमारचं थोडक्यात. २०२३च्या ऑगस्टमध्ये आशियाई स्पर्धेच्या ड्रॉमध्ये आमच्या गटात सौदीचं अल हिलाल आलं, म्हणजे नेमार आला. अल हिलालचा सोडून आमचे घरचे सामने होते पुण्यात बालेवाडीला (घरचे, पुण्यात, आता चौदा सालच्या पाच-शून्यला काय तोंड दाखवायचं?). ऑक्टोबरात ब्राझीलकडून खेळताना नेमारचा गुडघा गेला. नोव्हेंबरात डी. वाय. पाटीलवर आम्ही अल हिलालकडून दोन-शून्यने हरलो. बालेवाडीचे दोन्हीही हरलो. यातून शिकण्यासारखं एकच, द्रुतगती मार्गावरचा वडापाव परतीच्या वाटेवर जास्त तिखट लागतो.

जर्सीवर खेळाडूचं नाव छापून घेऊ नका. ही कळकळीची विनंती आहे. मी २०२१च्या त्या रात्रीनंतर 'बिपिन' छापून घेतलं. अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला गोल मारणारा माणूस कुठे जातोय, असं वाटलं. तो २०२५ साली ईस्ट बंगालला गेला. स्टेशनजवळच्या अल्टरवाल्याला म्हटलं, नाव काढून दे. तो म्हणाला, नाव निघेल, पण खालचा रंग उडणार नाही, तिथेच गडद राहील. म्हणजे पाठीवर वाचता येईल असा डाग. आता ती जर्सी स्कूटरच्या डिकीत असते, पावसात सीट पुसायला.

मालकांवरही जीव लावू नये. २०१९ साली मँचेस्टर सिटीवाल्यांच्या कंपनीने आमच्या टीमचा पासष्ट टक्के हिस्सा घेतला, तेव्हा मी सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर केलं की आपण आता मँचेस्टरचे सख्खे चुलतभाऊ. डिसेंबर २०२५ मध्ये चुलतभाऊ वाटणी करून निघून गेला. मजल्यावरच्या दोन्ही मँचेस्टरांनी लिफ्टमध्ये माझी विचारपूस केली. त्यातला एक युनायटेडचा होता, त्याची विचारपूस जरा जास्त लांबली.

माझे सासरे मात्र माझी काळजी करत नाहीत. त्यांनी कूपरेजवर रोव्हर्स कप बघितलाय, १८९१ साली सुरू झालेली ती स्पर्धा त्यांच्या डोळ्यांदेखत बंद पडली. मग त्यांनी महिंद्रा युनायटेड धरली. ती २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०ला तीही मिटली. दर दिवाळीला ते चकलीचं ताट पुढे करत एवढंच विचारतात, 'तुमची अजून चालू आहे ना, जावईबापू?' गेल्या दिवाळीला मला उत्तर देता आलं नाही. लीग चालवण्याचे हक्क कुणाकडे, यावरून सगळं अडलं होतं, हंगाम होणार की नाही हेच ठरत नव्हतं. सासऱ्यांनी माझ्या ताटात एक चकली जास्त वाढली.

या मोकळ्या काळात सांभाळून राहा. वशाला खरा धोका तिथेच आहे. सात गोल खाल्ले तेव्हा मी टीम सोडली नाही, अंधेरीला गेली तेव्हाही नाही. पण या वेळी सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, आणि मी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं, गिझर बदलला, शनिवारी संध्याकाळी पाम बीचच्या बाजूला बायकोबरोबर चाललो. वजन दोन किलो उतरलं. साहेब म्हणाला, दात बरे झालेले दिसतात. एक दिवस बेलापूरहून येताना गाडीत एकाच्या अंगावर आकाशी शर्ट दिसला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तीन आठवड्यांत मला टीमची एकदाही आठवण आली नव्हती. हरल्यावर कधी बसला नव्हता असा धक्का मला नेरूळ ते जुईनगरच्या दरम्यान बसला, कारण त्या नादात माझं स्टेशनही गेलं.

शेवटी हंगाम सुरू झाला तो १४ फेब्रुवारी २०२६ला, निम्म्या आकाराचा. प्रत्येकाशी एकदाच खेळायचं. बायकोने तारीख वाचली आणि म्हणाली, 'छान दिवस निवडलाय.' मी म्हटलं, मी काही जात नाही आता, सोडलं ते. ती म्हणाली, बरं. मग मी अॅपवर सहज वेळापत्रक बघितलं, नुसतं बघायला काय जातं. घरचे सामने, रविवारी मेगाब्लॉक कुठे, कल्याणच्या गाड्या कशा.

तुम्ही जाणार असाल तर नेरूळहून लोकलचं तिकीट रिटर्नच काढा. सिंगल काढलं तर हरल्यावर पुन्हा खिडकीशी उभं राहावं लागतं, रांग असते, आणि रांगेत माणसाला विचार करायला वेळ मिळतो. दाढेचं कारण माझ्या नावावर खपून गेलंय, तुम्ही डोळ्यांचं सांगा.