लिसा कर्क आणि ‘दुय्यम’पणाचा शिक्का : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. अमेरिकन गायिका-अभिनेत्री लिसा कर्कवरील माझ्या लेखाबद्दल आपला मुख्य आक्षेप असा की, ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, नायिका होता आले नाही म्हणून जिला नाइट क्लबांत गावे लागले आणि जिचा गळाही ‘दुय्यम’, तिचे एवढे कौतुक कशाला? मतभेदाला माझी ना नाही; परंतु शेवटी ‘जरा अभ्यास करून लिहीत जा’ हा शेरा मारताना आपण स्वतः कितपत अभ्यास केला होता, हे प्रतिक्रियेतून कुठेच दिसत नाही.

एक गोष्ट मान्य करते. लिसाची भूमिका असलेले १९७४ चे ‘मॅक अँड मेबल’ हे संगीत नाटक ६६ प्रयोगांत बंद पडले, हे आपले म्हणणे खरे आहे. पण नाटक पडले म्हणून त्यातली नटीही पडली, हा कुठला न्याय?

नाटकाने नाकारले म्हणून क्लब, हा आपला तर्क सनावळीपुढेच टिकत नाही. १९४७ मध्ये ‘अलेग्रो’ या संगीत नाटकात लिसा परिचारिका एमिलीच्या भूमिकेत आली. न्यू हेवनमधील पूर्वप्रयोगात गाता गाता ती रंगमंचावरून थेट वादकांच्या खड्ड्यात कोसळली. वादकांनी उचलून वर चढवले तरी तिने गाणे सोडले नाही, आणि प्रेक्षागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. पुढच्याच वर्षी संगीतकार कोल पोर्टरच्या ‘किस मी, केट’मध्ये ती लोइस लेन झाली. नायिका पॅट्रिशिया मॉरिसन होती, हे मलाही ठाऊक आहे; पण १०७७ प्रयोग झालेल्या त्या नाटकातले ‘ऑलवेज ट्रू टू यू’ हे खट्याळ गाणे लिसाच्या वाट्याचे होते. न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलमधील पर्शियन रूम या नाइट क्लबने तिला पुन्हा पुन्हा बोलावले ते या यशानंतर. हताश होऊन ती तिथे दार ठोठावायला गेली नव्हती.

शिवाय क्लबात गाणे सोपे, असे आपण गृहीतच धरले आहे. नाटकात कथानक, सहकलाकार आणि नेपथ्य नटीला सांभाळून घेतात. क्लबात समोर जेवणारी, पिणारी, गप्पा मारणारी माणसे असतात आणि त्यांना एकटीने गप्प करावे लागते. त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये क्लबात उभे राहायलाही पोलिसांकडून कॅबरे कार्ड, म्हणजे क्लबात काम करण्याचा परवाना, घ्यावे लागे. ती अट १९६७ पर्यंत होती. मी स्वतः हौशी संगीत नाटकांत वर्षानुवर्षे नायिकेच्या मैत्रिणीची कामे केली आहेत. दुसऱ्या अंकातल्या एका गाण्यासाठी विंगेत घसा सांभाळत ताटकळणे म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको, आणि खुर्चीत बसून नटांची प्रतवारी लावणाऱ्यांनी तर नकोच.

राहिला ‘दुय्यम’ गळ्याचा प्रश्न. १९६२ च्या ‘जिप्सी’ चित्रपटात रोझलिंड रसेल पडद्यावर गाताना दिसते, तेव्हा ऐकू येणारा बराचसा आवाज लिसाचा आहे. नायिकेला जे पेलले नाही, ते तिने पेलले, आणि तेही श्रेयनामावलीत नाव नसताना.

लेख लांबला, गाउनच्या वर्णनात मी रमले, वगैरे आपल्या उरलेल्या तक्रारींवर वाद घालण्यात मला रस नाही. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी खुशाल अर्ध्यावर सोडावे. फक्त न वाचलेल्या अर्ध्या भागावर मत देऊ नये.